देवगडची गादी आणि घाटाखालचा मुलूख

जिल्हा नवा झाला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिका निघाली की कुणाच्या तरी गळ्यात ‘इतिहास’ पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला. मुलूख जुनाच, पांढुर्णा आणि सौसर तहसिलींचा. पाट्या मात्र कोऱ्या. संपादक मंडळींनी मला सांगितलं, आपल्या भागातली सगळ्यांत जुनी संस्था शोधा आणि तिचा इतिहास लिहा. त्यांच्या मनात एखादी शाळा असावी, वाचनालय असावं, किंवा जामसावळीचं हनुमान देवस्थान असावं. मी चार दिवस विचार केला आणि उत्तर दिलं : देवगडची गोंड गादी.

ते जरा गप्प झाले. गादीला संस्था कोण म्हणतं?

मी म्हणतो. गादीला शिक्का असतो, वसुलीतला हिस्सा असतो, वारसाचे नियम असतात आणि वारसांची भांडणं तर असतातच. संस्था म्हणायला याहून जास्त काय लागतं? शिवाय पुष्कळ संस्था काम संपलं की बंद पडतात. या गादीचं राज्य गेलं तरी गादी पिढ्यान् पिढ्या चालू राहिली. त्या गादीवरच्या माणसाला लोक राजा म्हणत राहिले आणि त्याच्या हातून टिळा लावून घेतल्याशिवाय नवा राजा खऱ्या राजासारखा दिसत नसे. अडचण एवढीच, की या गादीचं मूळ घर आपल्या जिल्ह्यात नाही आणि तिनं वसवलेलं शहरही नाही. घर वर घाटावर, देवगडला. शहर खाली सपाटीवर, नागपूर. आपण मधले. ओटा ना घरात असतो ना रस्त्यात, पण येणारा-जाणारा बसतो तो ओट्यावरच. तसं आपलं आहे.

छिंदवाड्याकडचे लोक आपल्याला ‘घाटाखालचे’ म्हणतात, त्यात थोडी चेष्टा असते. शब्द मात्र जुना आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात छिंदवाडा जिल्ह्याचे सरळ दोन तुकडे केलेले सापडतात : सातपुड्यावरचा पठारी भाग तो ‘बालाघाट’ आणि नागपूरला लागून असलेली खालची जमीन ती ‘जेरघाट’. फारसीत बाला म्हणजे वर आणि जेर म्हणजे खाली. कुणाला जेरीस आणलं असं आपण म्हणतो, त्यातला जेर हाच. (शेजारच्या बालाघाट जिल्ह्याशी या बालाघाटाची गल्लत करू नये.) छिंदवाड्याहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं, उमरानाला मागे टाकला आणि सिल्लेवानीचा घाट उतरला, की एका तासाच्या आत माती काळी होते, हवा तापते आणि चहाच्या टपरीवरची भाषा बदलते. वर ‘क्या चाहिए’ ऐकलेलं असतं, खाली ‘काय पायजे जी’ ऐकू येतं.

तर या घाटाच्या वरच्या अंगाला, छिंदवाड्यापासून सुमारे ४० किलोमीटरांवर, मोहखेड तहसिलीत देवगड आहे. आज ते एक लहान गाव आहे. गावाच्या डोक्यावर जंगलानं वेढलेला डोंगर आणि डोंगरावर किल्ला. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा तरुण होतो आणि मनात राजवाडा घेऊन गेलो होतो. वर नगारखान्याची कमान आहे, भिंती आहेत, टाकी आहेत, मोगली धाटणीचं थोडं बांधकाम आहे. राजवाडा आपण मनात आणायचा. नगारखाना मात्र असा उभा आहे, की आता कुणीतरी टिपरू घेऊन येईल असं वाटावं. पुढे तीन-चारदा जाणं झालं आणि हळूहळू कळलं, की देवगडात पाहायचं ते दगडात नसून पाण्यात आहे. डोंगराच्या माथ्यावर ‘मोती टाकं’ आहे. एके काळी त्याचं पाणी इतकं नितळ होतं म्हणे, की तळाशी पडलेलं नाणं वरून दिसे. खाली गावाच्या परिसरात विहिरी आणि बावड्या. ‘आठ सौ कुएँ, नौ सौ बावड़ी’ हे तिकडच्या कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळतं. आकडा कवितेचा आहे, पण बावड्या खऱ्या आहेत. अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामातून त्यांच्यातला गाळ काढला गेला, झाडोरा तोडला गेला, आणि मातीखाली गेलेल्या कितीतरी पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. राजधानी म्हणजे तख्त असं आपल्याला वाटतं. डोंगरात राजधानी करणाऱ्याला आधी पाण्याची तजवीज करावी लागते. या घराण्यानं ती केली होती, म्हणूनच पुढे त्यांना सपाटीवर शहर वसवता आलं असं माझं मत आहे.

देवगडची आणखी एक गोष्ट सगळे सांगतात : किल्ल्यातून थेट नागपूरला जाणारं भुयार आहे. राजाला संकटात निसटता यावं म्हणून. त्या भुयाराकडे शेवटी येतो.

घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. त्याची कथा अशी सांगतात, की तो या मुलखातल्या गवळी राजांच्या पदरी होता. राजे दोघे भाऊ. त्यांना या पोराचा धाक वाटू लागला, म्हणून त्यांनी सणाच्या दिवशी त्याच्या हाती लाकडी तलवार दिली आणि बळीचा रेडा मारायला सांगितलं. देवी त्याच्या पाठीशी उभी राहिली, लाकडाचं पोलाद झालं. रेडा तर पडलाच, राजेही पडले. असल्या कथा आपल्याकडे गावोगावी आहेत. छिंदवाड्याची कथाही याच गोत्रातली : अयोध्येकडून आलेल्या रतन रघुवंशीनं आधीच्या गवळी मालकाला संपवलं, मग एक बकरा मोकळा सोडला आणि तो जिथं बसला तिथं त्याला पुरून वर घर उभारलं. प्रत्येक संस्थापकाच्या पायाखाली कुणीतरी आधीचा असतो. लोककथा ते लपवत नाही, उलट नाव-गाव घेऊन सांगते. नंतरचे दरबारी बखरकारच ते झाकतात.

कथेतून बाहेर येऊन कागदावरचा जाटबा पाहायचा तर ‘आईन-इ-अकबरी’ उघडावी लागते. अबुल फजलनं खेडल्याच्या सरकारात त्याची नोंद केली आहे : २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती. मोगल दप्तरातले आकडे कधी खरे असतात, कधी वसुलीच्या आशेनं फुगवलेले. पण अकबराच्या कारकुनाला या डोंगरातल्या गोंडाची दखल घ्यावी लागली, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि जाटबाच्याही आधी? वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट आपल्या पांढुर्ण्याच्या नावानं विद्वानांना ठाऊक आहे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात तो घेतला. म्हणजे पाचव्या शतकात या बाजूच्या जमिनी दान करता येण्याइतक्या मोलाच्या होत्या आणि त्यांच्या चतुःसीमा लिहिणारे कारकून होते. तेव्हा ‘ओसाड रानात पहिला माणूस आला आणि त्यानं गाव वसवलं’ असं ज्याला लिहायचं असेल त्यानं दुसरा मुलूख शोधावा. इथं सगळे नंतरचेच आहेत.

आता बख्त बुलंद. गादीचा खरा कर्ता पुरुष हा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगडवर भाऊबंदकी माजली. तो दिल्लीच्या बादशहाकडे दाद मागायला गेला, औरंगजेबाच्या छायेखाली इस्लाम स्वीकारला आणि ‘बख्त बुलंद’ हे नाव घेऊन, म्हणजे ‘उंच नशिबाचा’ होऊन परतला. घराणं मुसलमान झालं तरी गोंडांशी सोयरीक राहिली आणि गोंडांनी त्याला परका मानलं नाही. आजच्या डोक्यानं हे उलगडत नाही, त्यामुळे आजची माणसं याचं एकतर भांडवल करतात किंवा ते गाळून टाकतात. त्या काळच्या लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं. पुढे औरंगजेब दख्खनच्या लढायांत अडकला तसा हा बादशाही मुलखात लुटालूट करू लागला. बादशहा चिडला, पण फौज पाठवण्याआधी त्यानं नाव बदललं. यापुढे याला बख्त बुलंद म्हणू नका, ‘निगूनबख्त’ म्हणा असा हुकूम सुटला. नशीब उपडं पडलेला! मराठीत शिव्यांची कमतरता नाही, पण दफ्तरी शिवी द्यावी तर फारसीतच.

शिवीचा उपयोग झाला नाही. १७०२ साली त्यानं घाटाखालच्या सपाटीवर, नाग नदीच्या काठी, बारा वस्त्या एकत्र करून शहर वसवलं. ‘राजापूर बारसा’ म्हणत त्या वस्त्यांना. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, वाठोडा, हिवरी, लेंढरा ही त्यांतली नावं आज नागपूरकर रिक्षावाल्याला पत्ता म्हणून सांगतो, तीनशे वर्षांपूर्वीची खेडी म्हणून नव्हे. शहराच्या मध्ये या बारा खेड्यांची हाडं अजून जागच्या जागी आहेत.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नागपूर हे नाव १७०२ च्या आधीचं आहे. १६३७ मध्ये शाहजहानचा सरदार खान-इ-दौरान देवगडच्या कोकशहावर चालून आला तेव्हा त्यानं वेढा घातला तो नागपूरच्या किल्ल्याला. मग बख्त बुलंद संस्थापक कसा? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या क्रियापदात आहे. वसणं आणि वसवणं. गाव आपोआप वसतं. शहर कुणाला तरी वसवावं लागतं. बाहेरून माणूस आणायचा, त्याला जमीन द्यायची, पहिली काही वर्षं सारा हलका ठेवायचा, बाजाराचा वार ठरवून द्यायचा, चोराचिलटांपासून राखायचं. १८२७ मध्ये रिचर्ड जेनकिन्स या इंग्रज रेसिडेंटानं नागपूर राज्याचा मोठा अहवाल लिहिला. भोसल्यांच्या राज्याचा कारभार स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेला हा माणूस. गोंडांची तरफदारी करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तरी त्यानं बख्त बुलंदाच्या कारकिर्दीचं कौतुकच केलं आहे : चारी दिशांचे कष्टाळू लोक त्यानं आणून वसवले, नवी गावं उभी राहिली, शेती आणि व्यापार वाढला. हिंदू की मुसलमान, गोंड की परका, हे न पाहता कामाच्या माणसाला जागा, असा त्याचा हिशेब होता.

आणि हा हिशेब नागपुरापुरता कसा राहील? देवगडहून नागपूरला उतरायचं तर वाटेत हाच जेरघाट, आपला. काळी जमीन, कन्हानचं आणि जामचं पाणी. डोंगरातल्या राजाला ज्वारी-कापूस पिकवणारी, कर भरणारी सपाटी हवी होती आणि सपाटीच्या कुणब्याला मागे राखणदार डोंगर हवा होता. आज सौसर-पांढुर्ण्याच्या गावांत कुणबी आहेत, माळव्यातून आल्याचं सांगणारे भोयर पवार आहेत, मागावर बसणारे कोष्टी आहेत, गोंड तर आहेतच. यांतलं कोण कोणत्या साली आलं याचा ताळेबंद मी मांडणार नाही. पण एका गावच्या पांढरीवर इतक्या बोलींची माणसं नांदतात, ती कुणीतरी दार उघडं ठेवल्याशिवाय नांदत नाहीत. जुन्या मराठीत गावाचे दोन भाग : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ‘पांढुर्णा’ या नावात मला नेहमी ती पांढरी ऐकू येते. ही व्युत्पत्ती नव्हे, कानाचा छंद आहे. भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये.

बख्त बुलंदानंतर त्याचा मुलगा चांद सुलतान गादीवर आला आणि घर बदललं. देवगड सोडून त्यानं नागपूर हीच राजधानी केली, शहराला तट घातला, जुम्मा तलाव बांधला. आजचं गांधीसागर ते हेच. वरच्या टाक्यांची सवय असलेल्या माणसानं खाली आल्यावर पहिल्यांदा तळं बांधावं, हे मला फार आवडतं. १७३९ मध्ये तो वारला आणि वारसाचं भांडण पेटलं. वली शहानं गादी बळकावली. राणी रतनकुंवरनं आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, वली शहाला संपवलं, बुरहान शहा आणि अकबर शहा या दोघा भावांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे त्या भावांत पुन्हा बिनसलं, पुन्हा निरोप गेला. या खेपेला आलेले रघूजी परत गेले नाहीत. १७४३ पासून नागपूर भोसल्यांचं झालं. शेजाऱ्याला भांडण सोडवायला एकदा बोलवावं, दुसऱ्यांदा बोलावू नये.

इथून पुढचा भाग आमच्या या ‘संस्थे’च्या इतिहासात सर्वांत नवलाचा आहे. रघूजींनी बुरहान शहाला मारलं नाही, हाकललं नाही. नागपुरातल्याच गोंड किल्ल्यात त्याला राजा म्हणून ठेवलं आणि वसुलीतला वाटा लावून दिला. राज्याभिषेकाचा टिळा गोंड राजानं लावायचा आणि काही वसुली कागदांवर त्याचा शिक्का चालायचा. राज्य भोसल्यांचं, राजेपण गोंडांचं! यात दिलदारी होती, तसा हिशेबही होता. पुण्याहून पेशव्यांचा फार तगादा लागला तर ‘आम्ही काय, देवगडच्या राजाचे कारभारी’ असं म्हणायला जागा उरे. पुण्याच्या कारभाऱ्यांना ही युक्ती कळत नसेल असं नाही. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावानं ते तरी दुसरं काय करत होते? अठराव्या शतकातल्या मराठी राजकारणात खरा धनी पडद्याआड आणि नावाचा धनी चौरंगावर, ही रीतच होऊन गेली होती. देवगडची गादी त्या रीतीत चपखल बसली आणि म्हणून टिकली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. भोसल्यांचं राज्य बुडालं तेव्हाही गोंड राजाची गादी आधीसारखीच होती, कारण तिच्याजवळ बुडण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. इंग्रजांनीही पेन्शन आणि ‘राजा’ हा किताब चालू ठेवला.

देवगडचं नाव मात्र उतरणीला लागलं. जेनकिन्सच्या काळी भोसल्यांच्या राज्याचे पाच भाग केले, त्यांतल्या एकाचं नाव होतं ‘देवगड वरघाट’. म्हणजे तोवर अख्ख्या पठाराला देवगडच म्हणत. पुढे कचेरी छिंदवाड्याला होती म्हणून जिल्हा छिंदवाडा झाला, आणि घाटाखाली सौसरची तहसील. पांढुर्णा तेव्हा सौसर तहसिलीतलंच कापसाच्या बाजाराचं गाव. राजधानीचं खेडं झालं आणि बाजाराची गावं वाढली. रेल्वेनंही तेच केलं : इटारसी-नागपूर मोठी लाइन पांढुर्ण्यावरून गेली, नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन सौसर-रामाकोन्यावरून. देवगडकडे रूळ वळले नाहीत.

रामाकोना म्हटलं की मला थांबावंच लागतं. सौसर तहसिलीतल्या या गावी २१ ऑगस्ट १९३० रोजी बादल भोई या आदिवासी पुढाऱ्याला जंगल कायदा मोडल्याबद्दल अटक झाली. परासियाकडचा हा माणूस. १९२३ मध्ये हजारो आदिवासी घेऊन छिंदवाड्याला कलेक्टरच्या बंगल्यावर गेला होता आणि लाठ्या खाल्ल्या होत्या. रामाकोन्याहून त्याला चांद्याच्या तुरुंगात नेलं. १९४० साली तो तुरुंगातच वारला. आता हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. एकात गोंड राजाच्या घराण्याला सरकारी पेन्शन. दुसऱ्यात जंगलातल्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या आदिवासींना तुरुंग. ज्या रानाचा राजा म्हणून एकाला मान, त्याच रानात दुसऱ्यांना पाऊल टाकायची बंदी. गादीचा गौरव लिहिणाऱ्यांनी हा दुसरा कागद वगळू नये, एवढी माझी विनंती आहे. बरं झालं, की छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयाला १९९७ मध्ये नाव द्यायची वेळ आली तेव्हा ते राजाचं दिलं नाही, बादल भोईचं दिलं. १९५४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ही संस्था. १५ नोव्हेंबर २०२४ ला तिच्या नव्या, मोठ्या दालनांचं उद्घाटन झालं. देवगडच्या घराचा सांभाळ करणारं हक्काचं ठिकाण आज कोणतं, असं मला विचाराल तर मी किल्ल्याआधी त्या संग्रहालयाकडे बोट दाखवीन.

आणि मग १९५६. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत सौसरच्या माणसाची राजधानी नागपूर होती. मध्यप्रदेशाचीच राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला आणि आमची राजधानी झाली भोपाळ. जिल्हा हा एकक धरला, तहसील धरली नाही. त्यामुळे घाटाखालची मराठी गावं घाटावरच्या हिंदी जिल्ह्याबरोबर राहिली. यावर रडगाणं गायची मला हौस नाही. आमची मुलं दोन भाषांत हसतात आणि तीन भाषांत भांडतात, हा काही तोटा नव्हे. पण गंमत बघा : नागपूर वसवणाऱ्याचं घर एका राज्यात आणि त्यानं वसवलेलं शहर दुसऱ्या राज्यात. २००२ मध्ये नागपूरला तीनशे वर्षं झाली, सोहळे झाले. सिव्हिल लाइन्समध्ये बख्त बुलंदाचा पुतळा आहे. त्या पुतळ्यापाशी जाऊन एखाद्या नागपूरकराला विचारावं, हा माणूस कुठला? ‘इथलाच ना’ हेच उत्तर येईल. देवगडात विचारलं तर ‘वो तो नागपूर चला गया’.

नकाशावर रेघ ओढली म्हणून सण मात्र वेगळे झाले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत निघते आणि गावाची इडा-पिडा शहराबाहेर हाकलली जाते. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं खोड झेंड्यासह रोवलं जातं आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांची गोटमार सुरू होते. एका काठचा मुलगा, दुसऱ्या काठची मुलगी, नदी ओलांडताना दोन्हीकडून दगड, अशी तिची कथा. आजही दर साली डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. परंपरेच्या नावाखाली मला त्याचं कौतुक करवत नाही. नागपूरकरांनी त्या दिवसाचा राग पुतळ्यावर काढायचं ठरवलं, आपण माणसांवर काढतो. हा फरक घाटाचा नाही, नदीचा नाही, शहाणपणाचा आहे.

संत्र्याचंही असंच. सौसर-पांढुर्ण्याच्या बागांतला माल ट्रकमध्ये भरला की त्याचं नाव ‘नागपुरी संत्रा’ होतं. बागाईतदाराला याचं वाईट वाटतं आणि भावासाठी त्याच नावाचा आधारही लागतो. बख्त बुलंदाच्या शहराचं नाव त्याच्या वाटेवरच्या गावांना अजून पोसतं आहे आणि झाकतंही आहे.

२०१५ च्या अखेरीस नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी बंद झाली. रूळ रुंद करायचे होते. मधली काही वर्षं सौसरच्या स्टेशनात गवत वाढलं होतं. आता मोठ्या रुळांवरून गाडी धावते, वेळ वाचतो. त्या छोट्या गाडीतून घाट चढताना मात्र इतका वेळ मिळे, की खिडकीतला माणूस मराठीत सुरू केलेली गोष्ट हिंदीत संपवू शके.

ही टिपणं जुळवताना मागच्या हिवाळ्यात पुन्हा देवगडला गेलो. गावातला एक पोरगा वर दाखवायला आला, विशीतला. नगारखाना झाला, टाकं झालं. पाण्यावर शेवाळ होतं, नाणं टाकून पाहायचा मोह मी आवरला. मग मी विचारलं, ते नागपूरला जाणारं भुयार कुठे आहे? त्यानं झाडीतल्या एका ढासळलेल्या कोनाड्याकडे हात केला. तोंड बुजलंय, म्हणाला. कुणी आत जाऊन पाहिलंय का? नाही. तुझ्या आजोबांनी? नाही. मग थोडं थांबून, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यानं सांगितलं की नागपूरला तर तो महिन्यातून दोनदा जातो, बांधकामावर.

‘कैसे जाते हो?’

‘उमरानाला से बस मिलती है साब. सौसर होके.’